धूर पेटतो, कागद पेटत नाही : शेकोटीभोवतीच्या प्रयोगांवर वाचकांचे प्रश्न

शेकोटीभोवती मुलांसोबत काय प्रयोग करता येतील, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचा सूर एकच : आगीत काय टाकलं की काय होतं? आमचं मत थोडं निराळं आहे. आगीत काही टाकण्यापेक्षा आगीकडे नीट बघायला लावणारे प्रयोग जास्त शिकवून जातात, आणि ते भडकलेल्या ज्वाळांवर नाही, तर आग खाली बसून निखारे झाल्यावर जमतात. म्हणून पहिला तासभर प्रयोगांचं नावच काढू नका, नुसतं शेकत बसा. पाण्याची भरलेली बादली, लांब चिमटा आणि जाड सुती किंवा चामडी हातमोजे हाताशी असू द्या. सिंथेटिक कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात, तेव्हा ते अंगावर नकोत.

प्रश्न : लाकूड जळतं म्हणजे नेमकं काय जळतं? मुलांना डोळ्यांनी दिसेल असं काही करता येईल का?

येईल, आणि एकच प्रयोग करायचा ठरवलात तर हाच करा. लाकूड तापलं की त्यातून आधी पाण्याची वाफ आणि मग पेट घेणारे वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसते ती ज्वाळा त्या वायूंची. वायू संपले की मागे उरतो कोळसा, आणि तो फारशी ज्वाळा न दाखवता नुसता लालबुंद होऊन जळतो. हे दोन टप्पे एका डब्यात वेगळे काढता येतात.

साधारण पाव लिटरचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला डबा नको, त्याची वाफ विषारी असते. बाहेर रंग किंवा आत लेप असेल तर झाकण काढून तो रिकामाच एकदा निखाऱ्यांवर जाळून घ्या आणि तोवर वारा येतो त्या बाजूला उभे राहा. थंड झाल्यावर झाकणाला खिळ्याने तीन मिलिमीटरची दोन भोकं पाडा. दोन अशासाठी, की लाकडातून निघणारं डांबर एखादं भोक हमखास बुजवतं. झाकण ठोकून घट्ट करू नका, अंगठ्याने दाबलंत तेवढं पुरे. भोकं बुजलीच तर झाकण निघून वायूला वाट मिळाली पाहिजे, डबा फुटता कामा नये. पूर्ण बंद डबा आगीत ठेवणं म्हणजे बॉम्ब ठेवणं.

डब्यात बोटाएवढ्या जाडीच्या सुक्या ढलप्या पाऊण भरा. वर एखादं सुकलेलं बोंड किंवा पान ठेवा. झाकण वर राहील असा डबा निखाऱ्यांत बसवा आणि चिमट्याने आजूबाजूला निखारे लावा. सगळ्यांनी दोन पावलं मागे.

आधी भोकांतून पांढरी वाफ येते. तिला काडी लावली तर काडीच विझते, आणि हे मुलांना मुद्दाम दाखवायचं. काही मिनिटांत धूर दाट, पिवळसर आणि उग्र वासाचा होतो. आता लांब काटकी पेटवून भोकाशी धरा : धूर पेटतो, आणि गॅसच्या बर्नरसारखी ज्वाळा भोकावर उभी राहते. लाकूड आत, ज्वाळा बाहेर! वायू सरले की ती आपोआप विझते.

इथेच बहुतेकांची घाई होते. डबा गरम असताना उघडला की आतला कोळसा हवा मिळताच धुमसू लागतो आणि हाती राख लागते. चिमट्याने डबा बाहेर काढा, भोकांवर ओली माती थापा आणि तासभर हात लावू नका. उघडल्यावर ढलप्या काळ्या झालेल्या दिसतील, आक्रसलेल्या, पण आकार तोच. बोंडाच्या रेषासुद्धा जागच्या जागी असतात. वजन मूळ लाकडाच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शाइतकं उरतं. घरी मल्टिमीटर असेल तर त्याची टोकं कोळशाला टेकवून बघा. सहाशे-सातशे अंशांच्या वर तापलेला कोळसा वीज वाहून नेतो, कमी तापलेला नेत नाही. आपली आग किती तापली होती याची ती उलटतपासणीच.

डब्याचा खटाटोप नको असेल तर जाड मेणबत्ती घ्या. हलकेच फुंकून विझवा आणि वातीवरून वर जाणाऱ्या पांढऱ्या रेघेला दोन-तीन सेंटिमीटर वरून जळती काडी लावा. ज्वाळा रेघेवरून उडी मारून वातीवर येते, कारण ती रेघ म्हणजे थिजत चाललेली मेणाची वाफ. वाऱ्यात हे अजिबात होत नाही, तिन्ही बाजूंनी आडोसा लागतो.

प्रश्न : कागदाच्या भांड्यात पाणी उकळतं असं ऐकलं. आमचा कप दोनदा जळला. कुठे चुकलं?

बहुधा तीनपैकी एका ठिकाणी. एक, कप ज्वाळांवर धरला असेल. ज्वाळा बाजूने वर चढतात आणि पाण्याच्या पातळीच्या वरचा कोरडा कागद पेटवतात. दोन, कप अर्धाच भरला असेल. तीन, कपाच्या तळाला खाली आलेली कड असते, तिच्या आतल्या बाजूला पाणी पोचतच नाही. ती जळणारच.

कागद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पेटतो. पातळ कागदाला आतून पाणी लागलेलं असेल तर बाहेरची उष्णता लगेच पाण्यात जाते, आणि उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे कागदाला २३० पर्यंत पोचायला सवडच मिळत नाही. जिथे कागद जाड, दुमडलेला किंवा कोरडा, तिथे हा हिशेब मोडतो.

म्हणून कप सोडा आणि वीस सेंटिमीटर चौरस तपकिरी कागदाची, गोंद न लावता घडी घालून उथळ पेटी करा. कोपऱ्यांच्या घड्या बाहेरच्या बाजूला वर वळवून क्लिपांनी धरा. निखाऱ्यांवर तारेची जाळी स्थिर बसवा, पेटी जाळीवर ठेवा आणि मगच काठापासून एक सेंटिमीटरपर्यंत पाणी ओता. भरलेली पेटी उचलून ठेवायला गेलात तर ती मध्येच वाकते. काठ आणि कोपरे थोडे करपले तर ते अपयश समजू नका, उलट तेच बोट ठेवून दाखवा : पाणी आहे तिथे कागद शाबूत, नाही तिथे काळा. पाणी आटू लागलं की लगेच चमच्याने भर घाला. साधा कागद भिजून पाझरतो, पण तळाला थेंब धरणं वेगळं आणि धार लागणं वेगळं. धार लागली तर कागद बदला. हे पाणी पिऊ नका आणि पेटी गरम असताना उचलू नका.

प्रश्न : हिरव्या-निळ्या ज्वाळांसाठी कोणती पावडर टाकायची? मीठ टाकून पाहिलं, काही फरक दिसला नाही.

मिठाने फरक पडला होता, तुम्हाला तो दिसला नाही इतकंच. मिठातलं सोडियम पिवळा प्रकाश देतं आणि शेकोटीची ज्वाळा आधीच पिवळी असते, कारण तिच्यात काजळीचे तापलेले कण चमकत असतात. पिवळ्यात पिवळं मिसळलं. कोणताही रंग हवा असेल तर आग अशी हवी की जिची स्वतःची ज्वाळा जवळजवळ दिसत नाही, म्हणजे निखाऱ्यांवरची छोटी, निळसर ज्वाळा.

हिरव्यासाठी सर्वांत खात्रीचं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. पावडर हाताने भुरभुरू नका. हात ज्वाळेवर येतो आणि पावडर धुरासोबत नाकात जाते. त्याऐवजी ढलप्या भिजवून ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात पाव लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद विरघळवा. भांडं लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं नको, त्यावर तांबं बसतं आणि भांडं खाल्लं जातं. सुक्या ढलप्या रात्रभर त्यात बुडवा आणि मग सावलीत जुन्या वर्तमानपत्रावर तीन-चार दिवस वाळवा. ओलसर राहिल्या तर नुसता धूर येतो आणि रंग दिसत नाही. हे काम हातमोजे घालून मोठ्यांनीच करायचं. मोरचूद पोटात गेलं तर विष आहे आणि माशांना तर फारच घातक, म्हणून उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नका. निखाऱ्यांवर चिमट्याने एका वेळी दोन-तीन ढलप्या ठेवा. रंग काही मिनिटंच टिकतो.

बोरिक ॲसिड त्यातल्या बोरॉनमुळे फिकट पोपटी रंग देतं. टाकणखारातही बोरॉन असतंच, पण जोडीला सोडियमही असल्यामुळे पिवळा रंग हिरव्याला गिळून टाकतो. कमी सोडियमच्या मिठात जांभळा देणारं पोटॅशियम असतं. तिथेही तेच होतं.

दोन गोष्टी निक्षून. स्पिरिट, मेथॅनॉल किंवा सॅनिटायझर जळत्या आगीवर कधीही ओतू नका : ज्वाळा धारेवरून मागे चढत बाटलीत शिरते आणि बाटलीचं तोंड ज्याच्याकडे असेल तो भाजतो. आणि तांब्याच्या नळीत प्लास्टिकचा पाइप कोंबून आगीत टाकायची जी युक्ती फिरते, ती करू नका. पीव्हीसी जळून निघणारे वायू विषारी असतात. रंगीत आगीवर त्या रात्री काही शिजवायचंही नाही.

रंग पाहण्यापेक्षा तो *मोजणं* आम्हाला अधिक आवडतं. जुनी सीडी घ्या. कॅम्पिंगच्या छोट्या गॅस शेगडीची निळी ज्वाळा पेटवा आणि तिचं प्रतिबिंब सीडीत तिरकं पकडा. मिठाच्या पाण्यात बुडवलेली, तारेला गुंडाळलेली सुती दोरी त्या ज्वाळेत धरली की सीडीत ज्वाळेचं एक स्वच्छ, पिवळं चित्र उमटतं. मेणबत्तीचं मात्र सगळे रंग पसरलेलं इंद्रधनुष्य दिसतं. सीडीवरच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, म्हणून ती प्रकाश फोडते. सोडियमचा हा पिवळा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास येतो. १८६८ साली सूर्याच्या वर्णपटात याच्या अगदी शेजारी एक पिवळी रेषा सापडली, ती सोडियमची निघाली नाही. ती होती हेलियमची, आणि पृथ्वीवर हेलियम वेगळा सापडायला १८९५ साल उजाडलं.

प्रश्न : कुठेही बसलं तरी धूर माझ्याच अंगावर का येतो?

तुम्ही बसलात म्हणूनच. तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी चहूबाजूंनी खालून हवा येते. तुमचं अंग एका बाजूची वाट अडवतं. तिथून हवा कमी आली की धूर त्या बाजूला झुकतो. वारा पडलेला असताना हे नीट दिसतं. पडताळायचं असेल तर सगळ्यांनी दूर व्हा आणि एका बाजूला, आगीपासून हातभर अंतरावर, पत्र्याचं मोठं पिंप किंवा उभी फळी ठेवा. धूर तिकडे कलतो. फळी दुसऱ्या बाजूला न्या, धूर मागोमाग जातो. वारा असेल तर वाराच जिंकतो, हा प्रयोग करूच नका.

प्रश्न : शेकोटीपाशी बसून मुलांना तारे दाखवावेत म्हटलं, तर मोजकेच दिसतात. उपाय?

उपाय नाही, पण प्रयोग आहे, आणि त्याला एक पट्टी आणि पुठ्ठ्याची नळी सोडली तर काही लागत नाही. अंधारात डोळ्यांतल्या दंडपेशी, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी, पूर्ण जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि शेकोटीकडे एक नजर टाकली की ती कमाई जाते. मात्र दोन्ही डोळे आपापला हिशेब स्वतंत्र ठेवतात.

प्रत्येकाने एक डोळा जाड, काळ्या कापडाच्या दोन पदरी पट्टीने बांधायचा आणि २५ मिनिटं आगीकडे बघत गप्पा मारायच्या. या वेळात उठायचं नाही, कारण एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो आणि समोर आग आहे. मग मोठ्यांच्या हाताला धरून तीस-चाळीस पावलं दूर, आगीकडे पाठ करून उभं राहायचं आणि पट्टी काढायची. पुठ्ठ्याच्या पोकळ नळीतून आकाशाचा एकच तुकडा आधी उघड्या राहिलेल्या डोळ्याने, मग बांधलेल्या डोळ्याने बघून तारे मोजा. पहिल्या डोळ्याला दोन-तीन दिसतात तिथे दुसऱ्याला कितीतरी जास्त. चंद्र असेल तर फरक पुसट होतो. कुणी मोबाइल उघडला तर संपलंच, पुन्हा २५ मिनिटं.

त्याच डोळ्याने आणखी एक. दिवसा सारखेच उजळ वाटणारे लाल आणि निळ्या कागदाचे दोन तुकडे सोबत ठेवा. अंधारात लाल तुकडा जवळजवळ काळा दिसतो आणि निळा फिकट राखाडी, उजळ. दंडपेशींना लाल प्रकाश फारसा कळत नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदलं, म्हणून या परिणामाला त्यांचं नाव आहे.

प्रश्न : स्टील वूल (लोखंडाच्या केसासारख्या बारीक तारांचा पुंजका) पेटवून दोरीने फिरवतात, ठिणग्यांचं चक्र दिसतं. करू का?

मोकळ्यावर, सुक्या गवतात, मुलं शेजारी असताना? नाही. ठिणग्या म्हणजे जळतं लोखंड, आणि त्या कुठे पडतील यावर ताबा नसतो.

त्याच स्टील वूलचा याहून चांगला उपयोग आहे. लाकूड जळून हलकं होतं. लोखंड जळून जड होतं, आणि ते दिसतं. सर्वांत बारीक जातीचं, चार शून्यांचं वूल साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, कारण त्याला तेल लावलेलं असतं. लोखंडी सळईचा तीस सेंटिमीटरचा तुकडा मधोमध तारेने टांगा. एका टोकाला मूठभर वूल सैल पिंजून तारेने अडकवा, दुसऱ्या टोकाला मातीचा गोळा. तोल असा साधा की वूलची बाजू किंचित वर राहील. खाली पत्र्याचं ताट. जळत्या काटकीने वूल दोन-तीन ठिकाणी पेटवा. लाल रेघा धाग्यांतून सरकत जातात आणि मिनिटभरात ती बाजू खाली येते. हवेतला ऑक्सिजन लोखंडाला चिकटला, त्याचं हे वजन. वूल घट्ट दाबलेलं असेल तर आतपर्यंत हवा जात नाही आणि काटा हलत नाही. तुकडे गळून पडले तर उलटा निकाल येतो.

जाता जाता : स्टील वूल आणि नऊ व्होल्टची बॅटरी एकाच पिशवीत ठेवू नका. बॅटरीची दोन्ही टोकं वूलला टेकली की ते पेटतं.

प्रश्न : शेकोटीभोवती ओढ्यातले गोटे लावले, त्यातला एक फुटला. दगड फुटतो कसा?

गोट्याच्या भेगांत आणि छिद्रांत मुरलेलं पाणी तापून वाफ होतं. वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ती दगड फोडून वाट करते. तुकडे जोरात उडतात. पाण्यातले किंवा पाण्याजवळचे दगड कडेला लावू नका, उंचावरचे कोरडे घ्या. बांबूची बंद पेरंही याच कारणाने फुटतात. जाळायचाच असेल तर प्रत्येक पेर आधी चिरून घ्या. हा प्रयोग म्हणून करण्याजोगा प्रकार नाही.

प्रश्न : सकाळी उरलेल्या राखेचं काही करता येईल?

येईल, आणि ते रात्रीच्या कोणत्याही प्रयोगाइतकंच रंगतं. आधी राख खरंच थंड झाली आहे का ते बघा. राखेच्या पांघरुणाखाली निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात. हाताची मागची बाजू वर धरा. ऊब लागली तर थांबा.

फक्त लाकडाची, पांढरी राख हवी. पावसात भिजलेली नको, तिच्यातला विरघळणारा क्षार वाहून गेलेला असतो. रंगीत ज्वाळांचा खेळ झालेल्या आगीची तर मुळीच नको. चाळून दोन मोठे चमचे राख प्लास्टिकच्या बाटलीत २०० मिलिलिटर पाण्यात घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा, तासभर निवळू द्या आणि कापडातून गाळा. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नका, हे पाणी ते खातं. डोळ्यांत उडालं तर नुसतं चुरचुरणार नाही, इजा होईल; चष्मा लावा, आणि उडालंच तर भरपूर पाण्याने धुवत राहा.

आता हळदीचा कागद. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून अर्धा चमचा हळद दोन चमचे पातळ सॅनिटायझरमध्ये कालवा. आग पूर्ण विझलेली असतानाच ही बाटली बाहेर काढायची. वरचा पिवळा द्रव टिपकागदावर ब्रशने फासा आणि वाळू द्या. काडीला कापूस गुंडाळून राखेच्या पाण्यात बुडवा आणि कागदावर नाव लिहा : अक्षरं लालसर-तपकिरी उमटतात. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, पुन्हा पिवळं. राखेच्या पाण्यातच थोडं व्हिनेगर ओतलं तर बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड, कारण राखेतला विरघळणारा क्षार मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट आहे. इंग्रजीत या क्षाराला पोटॅश, म्हणजे भांड्यातली राख, असं नाव होतं; १८०७ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने त्याच्यापासून मिळणाऱ्या दाहक पोटॅशमधून विजेच्या साहाय्याने नवा धातू वेगळा केला आणि पोटॅशियम हे नाव त्यावरून पडलं.

रंग फिका आला तर पाणी कमी आणि राख जास्त घेऊन पुन्हा करा. कागद वहीत जपून ठेवायचा असेल तर त्याचा फोटो त्याच दिवशी काढा, कारण क्षारात हळदीचं रंगद्रव्य नासत जातं आणि लाल अक्षरं हळूहळू फिकी पडतात.